ग्राफ हाताने काढायचा तर आधी टेबल बाजूला ठेवा

अकरावी-बारावीच्या पोराला वाय = एक्स क्यूब − ३एक्स चा ग्राफ काढ म्हटलं की तो पहिलं काय करतो, तर टेबल. वरच्या ओळीत −३ ते ३, खाली उत्तरं −१८, −२, २, ०, −२, २, १८, मग ग्राफ पेपर, मग स्केल. आणि घोळ इथेच होतो, कारण १८ कागदात बसवायचे म्हणून स्केल असा घेतला जातो की मधले २ आणि −२ अ‍ॅक्सिसला चिकटून बसतात, आणि या ग्राफमध्ये बघण्यासारखं जे काही आहे ते नेमकं त्या मधल्या भागातच आहे. वर टिंबं जोडायला पट्टी घेणारेही महाभाग असतात. सातही टिंबं बरोबर आणि ग्राफ चूक.

मी गोव्यात फोंड्याला हायर सेकंडरीच्या मुलांची ट्यूशन घेतो, आणि माझ्याकडे पहिले काही दिवस टेबलला बंदीच असते. पेपरात स्केच काढा म्हटलेलं असतं तेव्हा तपासणाऱ्याला एवढंच बघायचं असतं की अ‍ॅक्सिसला कुठे कापतो, वळतो कुठे, लांब गेल्यावर काय होतं. ही माहिती फंक्शनकडे दोन मिनिटं नीट बघितलं तर मिळते, आणि तीसुद्धा बहुतेक वेळा डेरिव्हेटिव्ह न काढता. डेरिव्हेटिव्ह वाईट नाही, पण तो शेवटी.

सामान काही लागत नाही. ग्राफ पेपर तर नकोच, चौकटी दिसल्या की हात आपोआप मोजायला लागतो. कोरं पान, एचबी पेन्सिल, खोडरबर, आणि पट्टी फक्त अ‍ॅक्सिस आणि असिम्प्टोटसाठी, म्हणजे ग्राफ जिच्या जवळ जवळ सरकत जातो त्या रेघेसाठी. जेल पेनने काढू नका, आपल्याकडे जून ते सप्टेंबर वहीचं पान असं सादळलेलं असतं की शाई पसरते आणि बारीक वळण जाड होऊन बसतं. आणि एक हाताची गोष्ट, जी कुणी सांगत नाही: मनगट कर्व्हच्या आतल्या बाजूला राहील अशी वही फिरवून घ्या. डोंगर काढायचा असेल तर वही सरळ, दरी काढायची असेल तर वही उलटी करून तीच हालचाल करा. डोंगर सगळ्यांना छान येतो आणि दरी तुटक येते, त्याचं कारण एवढंच आहे. आणि कर्व्ह एका दमात काढा, ओरखडे ओढत ओढत नको.

आता तोच एक्स क्यूब − ३एक्स घेऊ. पहिला प्रश्न, हे फंक्शन कुठे अस्तित्वातच नाही असं काही आहे का? भागाकार नाही, रूट नाही, लॉग नाही, म्हणजे सगळीकडे आहे, पुढे चला. दुसरा, शून्य कुठे? एक्स बाहेर काढला की एक्स (एक्स स्क्वेअर − ३), म्हणजे ०, आणि अधिक-उणे रूट ३, साधारण १.७३. तिसरा, दोन्ही टोकांना काय? एक्स खूप मोठा झाला की क्यूबसमोर ३एक्स ची काही किंमत राहत नाही, एक्स १०० असेल तर एकीकडे दहा लाख आणि दुसरीकडे ३००, तेव्हा उजवं टोक वर जाणार आणि डावं खाली. बास, आता विचार करा, डावीकडे खालून येणारी रेघ तीन ठिकाणी अ‍ॅक्सिस कापून उजवीकडे वर निघून जायची आहे, तर मध्ये एक डोंगर आणि एक दरी आल्याशिवाय ते जमणारच नाही. आकार झाला तयार, अजून एकही टिंब मोजून टाकलेलं नाही. फक्त डोंगराचं शिखर नेमकं कुठे एवढं राहिलं, त्यासाठी डेरिव्हेटिव्ह, ३एक्स स्क्वेअर − ३ = ०, एक्स = १ आणि −१, उंची −२ आणि २. शिवाय इथे सगळे घात विषम आहेत म्हणजे फंक्शन ऑड आहे, कागद ओरिजिनभोवती अर्धा फेरा फिरवला की चित्र तेच दिसायला पाहिजे. उजवी बाजू काढा, डावी फुकट मिळते, आणि नाही जुळली तर कुठेतरी चुकलंय हे लगेच कळतं.

याच ग्राफशी थोडं खेळून बघा. सगळा ग्राफ २ ने खाली ढकला, म्हणजे एक्स क्यूब − ३एक्स − २. मघाचं शिखर −१ वर २ उंचीला होतं, ते आता बरोबर अ‍ॅक्सिसवर येऊन टेकलं. फॅक्टर पाडून बघा, (एक्स + १) चा स्क्वेअर गुणिले (एक्स − २) येतं. म्हणजे फॅक्टर दोनदा आला की ग्राफ अ‍ॅक्सिसला शिवून परत फिरतो, एकदाच आला की आरपार जातो. तीनदा आला तर आरपारच जातो पण जाताना अ‍ॅक्सिसवर जरा आडवा होतो. हे पाठ करायची गरज नाही, फॅक्टर दोनदा असेल तर तो स्क्वेअर आहे, स्क्वेअर चिन्ह बदलत नाही, मग ग्राफ पलीकडे जाईल कसा?

आणि तो नेहमीचा प्रश्न, एक्स क्यूब − ३एक्स = के ला के च्या कुठल्या किमतींना तीन वेगवेगळी उत्तरं, जो बघून पोरं क्यूबिक समीकरण सोडवायच्या कार्डानोच्या सूत्रापर्यंत पोचतात, तो इथेच सुटला. मूळ ग्राफवर पट्टी आडवी ठेवा आणि वरखाली सरकवा. −२ आणि २ च्या मध्ये पट्टी असेल तोवर तीन ठिकाणी कापते, बरोबर २ किंवा −२ वर दोन ठिकाणी, त्याच्या बाहेर एकाच ठिकाणी. एवढंच उत्तर आहे.

आता भागाकारवाले, कारण पोरं खरी घाबरतात ती यांना. वाय = (एक्स − १) भागिले (एक्स + २)(एक्स − ३) घ्या. याचं टेबल करणाऱ्याचा तर घातच होतो, कारण −२ आणि ३ ला कॅल्क्युलेटर एरर देतो, तो ती दोन टिंबं सोडून देतो आणि शेजारची टिंबं जोडून टाकतो, जिथे ग्राफच नाही तिथून पूल!

म्हणून पहिला प्रश्न पहिलाच विचारायचा, कुठे नाही? −२ आणि ३ ला नाही. तिथे पट्टीने दोन तुटक उभ्या रेघा मारा, ही पलीकडे न जायची कुंपणं. शून्य कुठे? वरचा भाग शून्य झाला की, म्हणजे एक्स = १. वाय-अ‍ॅक्सिसवर? एक्स ० टाका, −१ भागिले −६, म्हणजे १/६, अ‍ॅक्सिसच्या किंचित वर. टोकांना? खाली स्क्वेअर आहे, वर नुसता एक्स, तेव्हा लांब गेल्यावर हे जवळजवळ १ भागिले एक्स सारखं वागतं, उजवीकडे अ‍ॅक्सिसच्या वरून आणि डावीकडे खालून शून्याकडे जातं.

आता चिन्ह. अगदी उजवीकडून सुरू करा, ३ च्या पलीकडे सगळे कंस धन, तेव्हा ग्राफ वर. डावीकडे चालत या, प्रत्येक एकेरी फॅक्टर ओलांडला की चिन्ह उलटतं. ३ ओलांडला, खाली. १ ओलांडला, वर. −२ ओलांडला, खाली. आता पेन्सिल आडवी धरून ग्राफ जिथे असूच शकत नाही तो भाग हलकेच घासून काळा करा, म्हणजे ३ च्या उजवीकडे अ‍ॅक्सिसच्या खालचा, १ ते ३ मध्ये वरचा, असं करत. चार मोकळ्या खोल्या उरतात आणि प्रत्येक खोलीत ग्राफला जायला एकच वाट उरते: डावीकडून अ‍ॅक्सिसच्या जरा खालून येतो, −२ च्या कुंपणापाशी खोल बुडतो, कुंपणापलीकडे एकदम आभाळातून उतरतो, १/६ वरून १ ला अ‍ॅक्सिस कापून ३ पाशी परत बुडतो, आणि शेवटच्या खोलीत पुन्हा वरून उतरून शून्याकडे जातो. डेरिव्हेटिव्ह लागला का? नाही. खात्री हवी असेल तर काढून बघा, वर −एक्स स्क्वेअर + २एक्स − ७ येतं, त्याचा डिस्क्रिमिनंट −२४, म्हणजे तो कधी शून्य होतच नाही, ग्राफला शिखर नाही दरी नाही, प्रत्येक खोलीत उतरतच जातो. चित्राने आधीच सांगितलेलं.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. असिम्प्टोटला ग्राफ कधीच कापत नाही असं कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं. उभ्याला नाही कापत, खरं आहे, तिथे फंक्शनच नाही. आडव्याला खुशाल कापतो, आत्ताच्याच ग्राफचा आडवा असिम्प्टोट एक्स-अ‍ॅक्सिस आहे आणि तो आपण १ ला कापून आलो. आडवा असिम्प्टोट फक्त खूप लांबचं सांगतो, मधलं नाही. वर-खाली सारखाच घात असेल तर आडवी रेघ त्या सगळ्यात मोठ्या घातांपुढच्या आकड्यांच्या भागाकारावर येते, वरचा घात एकाने जास्त असेल तर रेघ तिरकी होते, जसं एक्स + १/एक्स लांब गेल्यावर वाय = एक्स या रेघेला चिकटत जातो. याहून जास्त भानगडी बारावीला येत नाहीत.

साइन-कॉसला मी पुस्तकातून सुरुवात करत नाही, भरती-ओहोटीचं कोष्टक घेतो. सर्व्हे ऑफ इंडिया भरतीची कोष्टकं काढतं, त्यात मुरगाव बंदर आहे, आणि मांडवीच्या किंवा शापोऱ्याच्या काठावर घर असलेल्या पोराला पाणी कधी चढतं हे कोष्टकाशिवायच माहीत असतं. समजा सकाळी १० वाजता भरती २ मीटर आणि ओहोटी ०.६ मीटर, आकडे सोयीसाठी घेतलेत पण उधाणाच्या आसपास असे असू शकतात. कॉसचा ग्राफ काढायची माझी पद्धत अशी की कर्व्ह सगळ्यात शेवटी. आधी मधली रेघ, (२ + ०.६) भागिले २ म्हणजे १.३ वर, तुटक. मग वरची हद्द २ वर आणि खालची ०.६ वर. मग वेळ, एका भरतीपासून पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी, म्हणूनच दुसऱ्या दिवशी तीच भरती साधारण ५० मिनिटं उशिरा येते. त्याचे चार भाग करा, जवळपास ३ तास ६ मिनिटांचा एकेक. १० वाजता वरच्या हद्दीवर टिंब, एक भाग पुढे मधल्या रेघेवर, दुसऱ्या भागाला खालच्या हद्दीवर, तिसऱ्याला परत मध्ये, चौथ्याला वर. आता पाच टिंबांतून कर्व्ह.

कर्व्ह काढताना एकच बघा, वर आणि खाली तो गोल असतो आणि मधली रेघ ओलांडताना सगळ्यात उभा. पोरं साइन काढतात तेव्हा एकतर करवतीसारखे दात काढतात नाहीतर अर्धवर्तुळं जोडत जातात, दोन्ही चूक. पाण्याकडे बघितलंत तर समजेल, भरती पूर्ण झाल्यावर पहिल्या तासात पाणी हललंय असं वाटतच नाही. दर्यावर्दी लोकांचा जुना बाराव्याचा हिशेब आहे, सहा तासांत अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन, एक बारांश पाणी उतरतं. आपल्या १.४ मीटरमध्ये पहिल्या तासाला १२ सेंटीमीटरच्या आसपास आणि तिसऱ्या तासाला ३५. कॉसचा उतार म्हणजे दुसरं काय?

सूत्र मागितलं तर १.३ + ०.७ कॉस, आणि कंसात (टी − १०) गुणिले २पाय भागिले १२.४२, टी म्हणजे तासांतली वेळ, आणि उणे १० कारण शिखर १० वाजता आहे. उणे १० आणि ग्राफ उजवीकडे सरकतो, हे बघून सगळे गोंधळतात. कंस शून्य कधी होतो ते विचारा, टी १० झाल्यावर. म्हणजे जे शून्याला घडायचं ते आता १० ला घडतं, मग ग्राफ उजवीकडेच जाणार की.

आता यातली खरी मजा. गोव्याच्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, एक मोठी एक लहान, कारण त्या अर्ध्या दिवसाच्या लाटेत एक पूर्ण दिवसाची लहान लाटही मिसळलेली असते. दोन फंक्शनची बेरीज कशी काढायची ते यावरून शिकता येतं. मघाचा कर्व्ह तसाच ठेवा, त्याच्या खाली दुसरा हलका कर्व्ह काढा, उंची फक्त ०.२, पण पिरियड दुप्पट, आणि समजू की त्याचंही शिखर १० लाच आहे. मग बेरीज फक्त मोक्याच्या जागी करायची: पहिल्या भरतीला २ + ०.२ = २.२, दुसऱ्या भरतीला लहान लाट नेमकी तळाला असते म्हणून २ − ०.२ = १.८, आणि दोन्ही ओहोट्यांना लहान लाट शून्यावर, तेव्हा ०.६ च. या टिंबांतून हात फिरवला की एक उंच आणि एक बुटका असे डोंगर उभे राहतात. उधाण आणि भांग (म्हणजे सगळ्यात लहान भरती) यांच्यातला फरकही अशाच बेरजेतून येतो, चंद्राची एक लाट, सूर्याची दुसरी, पिरियड किंचित वेगळे, कधी जुळून येतात कधी एकमेकांना खातात. तो ग्राफ पंधरा दिवसांचा काढावा लागतो, कागद आडवा घ्या.

मॉड्युलस आणि उलटा यावर फार वेळ घालवू नका. मॉड्युलस म्हणजे अ‍ॅक्सिसच्या खाली असलेला भाग आरशासारखा वर फिरवा, कोपरे टोकदार ठेवा. १ भागिले फंक्शन काढायचं तर मूळ ग्राफ हलका काढा, तो जिथे शून्य तिथे कुंपण, जिथे मोठा तिथे हा लहान, जिथे १ किंवा −१ तिथे दोघं भेटतात. झालं.

शेवटी एक असा ग्राफ जो सहसा कुणी काढून घेत नाही, आणि तो आपल्याच माणसाचा आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी, १९०७ साली गोव्यातल्या कोसबें गावी जन्मलेले. पणजीत त्यांच्या नावाने विचार महोत्सव भरतो, तिथे त्यांना इतिहासकार म्हणून ओळखणारे जास्त, पण माणूस मुळात गणिती. १९४० च्या दशकात त्यांनी जेनेटिक्ससाठी एक फंक्शन दिलं, ते आजही कोसंबी मॅपिंग फंक्शन म्हणूनच वापरलं जातं. एका क्रोमोसोमवर दोन जीन किती अंतरावर आहेत ते डी, आणि पुढच्या पिढीत ते फेरजुळणी होऊन येण्याचं प्रमाण आर. कोसंबींचं सूत्र, आर = अर्धा गुणिले टॅन हायपरबोलिक (२डी). नाव बघून दचकू नका, टॅन हायपरबोलिकबद्दल तीनच गोष्टी पुरतात: शून्याला शून्य, शून्याजवळ तो जवळजवळ कंसातल्या आकड्याएवढाच, आणि पुढे वाढत वाढत १ ला चिकटतो पण पोचत नाही.

मग तेच प्रश्न. डी शून्याच्या खाली जात नाही, तेव्हा फक्त उजवी बाजू. सुरुवात ओरिजिनला. शून्याजवळ अर्धा गुणिले २डी, म्हणजे आर = डी, ४५ अंशांची रेघ. टोकाला अर्धा गुणिले १, म्हणजे आडवा असिम्प्टोट ०.५ वर. दोन तुटक रेघा मारा, एक तिरकी एक आडवी, आणि तिरकीला चिकटून निघणारा, हळूहळू आडवीखाली झोपणारा कर्व्ह काढा. या ०.५ ला अर्थ आहे, जीन खूप लांब असतील तर ते एकत्र येणं न येणं नाणेफेकीसारखं, अर्ध्याच्या वर प्रमाण जाणारच कसं. आधी सूत्राचा अर्थ लावला असता तरी असिम्प्टोट मिळाला असता.

त्याच कागदावर जेनेटिक्सचा अभ्यासक हॉल्डेन याचं १९१९ चं फंक्शन काढा, अर्धा गुणिले (१ − ई चा घात −२डी). सुरुवात तीच, उतार तोच, असिम्प्टोट तोच. मग फरक कुठे? मध्ये. हॉल्डेनचा कर्व्ह तिरकी रेघ लगेच सोडतो, कोसंबींचा बराच वेळ तिला धरून चालतो, म्हणून तो वरून जातो. इथे मात्र मी एक किंमत मोजू देतो, डी = ०.५ ला कोसंबी ०.३८ च्या आसपास, हॉल्डेन ०.३२. हॉल्डेनने धरलं होतं की क्रोमोसोमवर एका ठिकाणी अदलाबदल झाल्याचा शेजारच्या ठिकाणावर काही परिणाम नाही, कोसंबींनी धरलं की एकीमुळे जवळची दुसरी अडते. दोन अदलाबदली झाल्या की हिशेब परत पहिल्यासारखा होऊन आर कमी भरतो, त्या अडल्या की आर जास्त राहतो. दोन कर्व्हमधली ती चिंचोळी फट म्हणजे हाच सगळा वाद.

स्केच झालं की त्यावर आकडे लिहा, अ‍ॅक्सिस कुठे कापला, शिखर कुठे, असिम्प्टोटचं समीकरण, अ‍ॅक्सिसना नावं. मार्क बरेचसे यालाच असतात, सुंदर कर्व्हला नाही. मोबाईलवर ग्राफ काढून देणारं डेस्मॉस किंवा जिओजेब्रा आहे, वापरा, पण आपलं काढून झाल्यावर, आधी बघितलं की डोकं नक्कल करायला लागतं.

सरावाला वाय = एक्स भागिले (एक्स स्क्वेअर + १) घ्या. खाली कधी शून्य होत नाही म्हणजे कुंपण नाही, ऑड आहे, टोकांना १/एक्स सारखा, ओरिजिनला ४५ अंशांत निघतो. शिखर १ वर आणि उंची अर्धी आली पाहिजे. मग त्याच कागदावर १ भागिले तेच फंक्शन काढा, म्हणजे एक्स + १/एक्स, वरचा तिरक्या असिम्प्टोटवाला, आणि मघाचं शिखर १ वरच दोन उंचीची दरी होऊन आलंय का ते तपासा.